अठ्ठाविसाव्या दिवसाची भेट

दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही गावातल्या आशा सेविका घरी सहा वेळा जातो, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि घरभेटीचा फॉर्म. त्या दिवशीची माझी भेट २८ व्या दिवसाची होती.

खोलीत शेगडी आणि ओव्याच्या धुरीचा वास. बाजेवर ती कानाला रुमाल बांधून बसलेली. दुसरी मुलगी झालेली. पहिली तीन वर्षांची, उंबऱ्यात चुरमुरे वेचून खात होती. बाळाला झोळीत घातलं. जन्माला २ किलो ६०० ग्रॅम, २१ व्या दिवशी २ किलो ७००, आणि आज परत २ किलो ७००. या वयात बाळ रोज वीस-तीस ग्रॅमनं वाढायला हवं. ताप नव्हता, बेंबी कोरडी होती, अंग पिवळं नव्हतं.

"पाजतेस ना गं?"

"पाजते."

"माझ्यासमोर पाज बरं."

तिनं बाळ घेतलं. तोंडात नीट धरलं होतं, बसणंही बरोबर होतं. पण तिची नजर समोरच्या भिंतीवर, कॅलेंडर अडकवलेल्या खिळ्यावर. बाळानं आठ-दहा घोट ओढले आणि थांबून वर बघितलं. सगळीच बाळं पिताना अशी थांबतात. मग आई नकळत मांडी हलवते, गालाला बोट लावते, "काय गं ठमे" म्हणते आणि बाळ परत ओढायला लागतं. इथं कुणी हललं नाही. बाळ बघत राहिलं. तिच्या हनुवटीपर्यंत नजर गेली आणि थोड्या वेळानं त्यानं डोळे मिटून घेतले. माझ्या पोटात गलबललं.

फॉर्मवर आईबद्दल विचारलेलं असतं की ती असंबद्ध बोलते का, झटके येतात का. तिथं मी चार भेटी "नाही" लिहीत आले होते. ते खरंच होतं, कारण ती बोलतच नव्हती. न बोलणाऱ्या बाईसाठी तिथं रकाना नाही.

१४ व्या दिवशी ती माझ्यासमोर रडली होती. तेव्हा मी म्हणाले होते, "बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं." आजीपासून ऐकलेलं वाक्य, तोंडात आपोआप येतं. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

तालुक्याच्या प्रशिक्षणात एका समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं की बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस रडू येतं, ते आपोआप जातं. दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली तर तो आजार समजायचा. गोव्यातल्या एका दवाखान्यात बाळंत झालेल्या २५२ जणींचा अभ्यास २००२ साली छापून आला होता. सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या ५९ जणींना नैराश्य होतं, म्हणजे शंभरात तेवीस. प्रशिक्षणाहून घरी येताना एसटीत मी बोटं मोजली होती. आदल्या वर्षी माझ्या यादीत १८ बाळंतपणं. त्यातल्या चौघी तरी असणार. मला एकही दिसली नव्हती.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आमी काय बोल्लो का पोरगी झाली म्हणून? हिनंच मनाला लावून घेतलंय." सासू वाईट नाही. बाळाला तेल लावून रोज त्याच न्हाऊ घालतात. मी म्हटलं, "मावशी, जरा चहा ठेवता?" मी चहा पीत नाही हे त्यांना माहीत आहे. माझ्याकडं बघून त्या आत गेल्या.

"झोप लागते का गं?"

"बाळ झोपलं तरी लागत न्हाय."

पुढचा प्रश्न विचारायला मला आजही धीर गोळा करावा लागतो. पण ताईंनी बजावलं होतं, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, आधीच असला तर बाहेर येतो.

"जीव नकोसा वाटतो का?"

आत भांड्यावर झाकण पडलं. मग ती म्हणाली, "झोपावं आन उठूच नये असं वाटतं, ताई." आणि थांबून, "मला हिची माया येत न्हाय. थोरलीची लगीच आलती. मी आई न्हाय का?"

"असं बोलू नये गं" अगदी ओठावर आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, "तापात जेवणाला चव लागते का? म्हणून काय जेवण वाईट असतं? तसा हा आजार आहे. तुझ्यात खोट नाही, आणि यावर औषध आहे."

तिथूनच १४४१६ लावला. मनाच्या आजारासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. फोन तिच्या कानाला लावला आणि मी थोरलीला घेऊन अंगणात गेले.

सासूबाईंना मनाच्या आजाराचं सांगून पटलं नसतं. मी कार्डावरचे दोन आकडे दाखवले, सारखेच. "बाळ वाढायचं तर आधी आईला बरं करावं लागंल." हे त्यांना लगेच समजलं. तिला एकटीला सोडायचं नाही, आणि रात्री पाजून झालं की बाळ त्यांनी घ्यायचं, म्हणजे तिला सलग चार तास झोप मिळेल, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून जिल्ह्याला मानसोपचाराची ओपीडी. तिचा नवरा ट्रकवर असतो, तोही आला. अंगावर पाजताना चालते अशी गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडायची नाही.

४२ व्या दिवशी फारसा फरक नव्हता. वजन मात्र ३ किलो १०० भरलं. फॉर्मच्या मागच्या बाजूला मी पेननं लिहिलं, "बाळंतीण बोलत नाही. औषध चालू." आमचं काम तपासणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी विचारलं, हे कुठं भरायचं? मी म्हटलं, रकाना नाही, पण राहू द्या.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीला गेले तर वाटेवरच तिचा आवाज आला. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायचं नाही म्हणून ती सासूशी तावातावानं भांडत होती. मी बाहेरच चप्पल काढून थोडा वेळ ओट्यावर बसून राहिले.