टोमॅटोच्या टेम्पोवरचा ३३८८

मी नाशिकरोडहून शाळेची व्हॅन चालवतो, बारा वर्षं झाली. सकाळी द्वारका चौकात जाम लागला की मागं पोरांची मारामारी सुरू व्हायची, म्हणून मीच त्यांना चोवीसचा खेळ लावून दिलाय. पुढच्या गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे घ्यायचे, बेरीज वजाबाकी गुणाकार भागाकार काहीपण करा, पण प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा आणि चोवीस आणायचे. म्हणजे ४१७९ असला तर नवातून एक गेला आठ, सातातून चार गेले तीन, आठ त्रिक चोवीस. चोवीसला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा सगळ्यांनी भाग जातो ना, त्यामुळं वाटा खूप सापडतात. अमेरिकेत रॉबर्ट सन यांनी १९८८ साली याचीच कार्डं काढली होती.

तर गेल्या जुलैत, धो धो पाऊस, काचा सगळ्या बंद, आणि पुढं टोमॅटोचे कॅरेट भरलेला टेम्पो. एमएच पंधरा, नंबर ३३८८. पोरं लगेच सुरू झाली, सगळ्यांची बेरीज केली तर बावीस, आठ त्रिक चोवीस केलं तर एक तीन अन् एक आठ उरतोच. मी म्हटलं सोडा रे, ह्याचं होत नाही, पुढचा बघू. मला खरंच तसं वाटायचं, हा नंबर मी पूर्वी वहीत मांडून बघितला होता आणि सोडून दिला होता.

मागच्या कोपऱ्यात सहावीतली एक पोरगी बसते, नवीनच आलेली, फारशी बोलत नाही. ती वाफ धरलेल्या काचेवर बोटानं काहीतरी लिहीत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "काका, होतंय." आरशातून मला सगळं उलटंच दिसत होतं, मग जाम होताच, मान वळवून बघितलं. तिनं आधी आठाला तीननं भागलं होतं. आपण भाग पुरा जात नाही म्हटल्यावर तिथंच थांबतो, तिनं एट बाय थ्री तसंच ठेवलं. मग तीनमधून ते वजा केलं, उरला एक छेद तीन. आणि उरलेल्या आठाला त्या एक छेद तीननं भागलं. चोवीस! काचेवरनं पाणी ओघळून तिचा तीन पुसत चालला होता आणि मी नुसता बघत राहिलो, मागचे हॉर्न वाजायला लागले तेव्हा कुठं गाडी पुढं घेतली.

मी देवळालीचा, आकड्यांच्या गमती शोधणारे गणिती कापरेकर मास्तर आमच्या देवळालीत शाळेत शिकवायचे याचा मला फार अभिमान आहे. दुपारी परत आणताना पोरांना त्यांनी १९४९ साली शोधलेली गंमत सांगितली आणि मुद्दाम तोच ३३८८ दिला. आकडे उतरते लावा, त्यातून चढते लावून वजा करा, जे येईल त्याचं परत तेच. पोरांनी वहीत केलं, ५४४५, मग १०८९, ९६२१, ८३५२ आणि पाचव्या वेळी ६१७४. पुढं कितीही करा, ६१७४ च येतं. पोरं ओरडायला लागली.

ती पोरगी मात्र गप्प, त्या ६१७४ कडंच बघत बसलेली. तिचा स्टॉप आला, दप्तर खांद्याला लावून उतरली आणि छत्री उघडता उघडता म्हणाली, "काका, ह्याचे पण चोवीस होतात. सात आणि एक आठ, त्यातून चार गेले चार, सहा चोक चोवीस."