शेक संपल्यानंतरचे दुखणे

ओटीपोटाच्या कर्करोगावर किरणोपचार, म्हणजे शेक, सुचवले की आमच्या भागात पहिला प्रश्न येतो तो केस जातील का, हा. डोक्याचे केस या शेकाने जात नाहीत, कारण किरण जिथून जातात तिथेच परिणाम करतात. पण मूत्राशय, गुदाशय आणि लहान आतडे ही सारी मंडळी त्याच वाटेवर असतात आणि त्यांच्या काही तक्रारी माणूस गावी परतल्यावर, मोठ्या दवाखान्यापासून दूर असताना, सुरू होतात.

माझ्या मामींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावाहून नागपूरला जाऊन राहावे लागले. या आजारात सामान्यतः बाहेरून ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) मात्रा सुमारे पाच आठवड्यांत विभागून देतात, सोबत बहुधा आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध असते, मग ब्रेकीथेरपी, म्हणजे शरीराच्या आत किरणांचा स्रोत ठेवून दिलेला शेक, होते आणि हे सगळे आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे असा प्रयत्न असतो. आयएमआरटी या बाहेरून शेक देण्याच्या नव्या पद्धतीत यंत्राच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या सरकत राहून किरणांना आकार देतात, त्यामुळे आतड्यांवरचा मारा कमी होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्सर’ चाचणीत, तीन वर्षांनंतर आतड्यांचा मध्यम वा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के, तर दररोज प्रतिमा तपासून दिलेल्या आयएमआरटीत सुमारे २१ टक्के रुग्णांना झाला. अर्धा त्रास उरलाच, हेही लक्षात घ्यावे.

यंत्र कितीही नवे असले तरी शेकाच्या वेळी मूत्राशय रोज सारखेच भरलेले लागते, कारण भरलेले मूत्राशय लहान आतड्याला वर सारते. एसटीने येणाऱ्या बायका मात्र वाटेत सोय नसते म्हणून घरून निघताना पाणीच पीत नाहीत. “पाणी पेलं का मंग गाडीत पंचाईत होते,” असे मामींच्या शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली होती. विदर्भाचा उन्हाळा, जुलाब आणि मूत्रपिंडावर ताण आणणारे सिस्प्लॅटिन एकत्र आले की हे न प्यालेले पाणी फार महाग पडते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, लघवीची जळजळ आणि थकवा येतो आणि उपचार संपल्यावर बहुतेकांचा तो काही आठवड्यांत ओसरतो. खरी फसगत पुढे होते. कापूस वेचणीच्या दिवसांत मामींना शौचातून रक्त जाऊ लागले, तेव्हा गावात त्याला मूळव्याध ठरवून पुड्या दिल्या गेल्या आणि घरात आजार उलटल्याची कुजबुज सुरू झाली. दुर्बिणीच्या तपासणीत दिसले ते किरणांमुळे गुदाशयाच्या अस्तरावर उमटलेले नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे. सहा महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंत हे कधीही उद्भवू शकते. सौम्य असल्यास आपोआप थांबते, नाहीतर सुक्रालफेट या औषधाचा एनिमा किंवा आर्गॉन वायूच्या साहाय्याने त्या रक्तवाहिन्या उष्णतेने जाळून बंद करणे हे उपाय आहेत. तपासणाऱ्याला आधीच्या शेकाची माहिती असणे इथे अत्यावश्यक असते, कारण अशा अस्तराचा तुकडा विनाकारण काढला तर जखम न भरता भगंदर होण्याचा धोका असतो. म्हणून एकूण किती ग्रे आणि ब्रेकीथेरपीचे किती डोस दिले, हे लिहिलेला कागद रेशनकार्डाइतकाच जपून ठेवावा, असे माझे मत आहे.

योनिमार्ग आक्रसणे हा परिणाम तर बोललाच जात नाही. तो टाळण्यासाठी दाह ओसरल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा वापरायचे डायलेटर, म्हणजे योनिमार्ग मोकळा ठेवणारे नळीसारखे साधन, मिळते. दवाखान्याने त्याचे पत्रक दिले ते इंग्रजीत आणि तेही माझ्या हाती. नंतर एका परिचारिकेने आम्हा पुरुषांना खोलीबाहेर पाठवून मामींना ते नीट समजावले. आतून तपासणे सोपे राहावे म्हणूनही ते वापरायचे असते, एवढे मामी सांगतात. बाकीचे त्यांनी आम्हाला सांगितले नाही आणि ते योग्यच आहे.