सैल सोडायलाही शक्ती लागते

आज अकरावीला स्नायूंचा धडा घेतला. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मूठ आवळायला शक्ती लागते हे पटलं, पण सैल सोडायला कशाला लागेल?” इतका नेमका प्रश्न! पुढचा सगळा तास त्यावरच गेला.

मज्जातंतूचा संदेश आला की स्नायूपेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांवरच्या जागा मोकळ्या होतात, मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाची डोकी तिथे अडकतात आणि धागा ओढतात. धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली दोन वेगळ्या गटांनी हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडलं, हे मला आजही थरारक वाटतं.

पण खरी गंमत पुढे आहे. मायोसिनची पकड सुटायला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, नवा रेणू यावा लागतो. कॅल्शियम परत साठ्यात भरणारे पंपही एटीपीवरच चालतात. मृत्यूनंतर एटीपी संपतं, पकड सुटत नाही, म्हणून देह ताठ होतो. हे सांगितल्यावर वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरच्या मुलानं दंड चाचपत विचारलं, “आणि हृदय, मॅडम?”

उद्या हृदयच घेणार आहे.