दाद ना फिर्याद

२० मे २०२४, सोमवार, टोरांटो

आज व्हिक्टोरिया डे ची सुट्टी म्हणून उशिरा उठले. उठले कसली, झोपच नीट लागली नव्हती. रात्री एक वाजेपर्यंत शेजारच्या इराण्यांकडे होतो आणि घरी येऊन आडवी झाले तर बाहेर फटाके. इथे या वीकेंडला फटाके उडवायची जुनी पद्धत आहे, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाचे, आणि पोरं सोमवारची वाट न बघता रविवारपासूनच सुरू होतात. पण यंग स्ट्रीटच्या आमच्या पट्ट्यात निम्म्या दुकानांच्या पाट्या फारसीत, त्यामुळे रात्री एकनंतर जे फुटत होते ते राणीसाठी की रईसीसाठी काही कळत नव्हतं. नवरा म्हणाला दोन्हीसाठी असतील, झोप आता.

काल सकाळी उठल्या उठल्या बातमी. इराणचा राष्ट्राध्यक्ष इब्राहिम रईसी अझरबैजानच्या सीमेवर, अरस नदीवरच्या धरणाच्या उद्घाटनाहून परत येत होता, डोंगरात दाट धुकं, हेलिकॉप्टर सापडत नाहीये. खानूमनी दुपारी जेवायला बोलवलेलं ते आधीच ठरलं होतं. मला वाटलं आता कॅन्सल होईल. उलट त्यांचा मेसेज आला, लवकर या.

खानूम म्हणजे शेजारच्या काकू, सत्तरीच्या आसपास. काका म्हणजे सगळ्या बिल्डिंगचे 'आगा-ये मोहांदेस', म्हणजे इंजिनियरसाहेब, आबादानच्या रिफायनरीत होते. इराण्यांच्यात डिग्रीनेच हाक मारतात, त्यांचं खरं नाव कळायला मला दोन वर्षं लागली. काल मुलगी आलेली, जावई आलेला (तो तबरीझचा, म्हणजे तुर्की बोलणारा), आणि जावयाचा एक तेहरानचा मित्र, गळ्यात पंखवाल्या माणसाचं सोन्याचं पदक. ते चिन्ह मी आयुष्यभर फक्त पारशी लोकांच्यात बघितलेलं, अग्यारीवर, गाडीच्या काचेवर. हा काही पारशी नाही, याच्या सात पिढ्या मुसलमान. पण इथे कितीतरी इराणी ते घालतात, त्याचा अर्थ एवढाच की आम्ही मुल्लांच्या आधीपासून आहोत.

टीव्हीवर लंडनहून चालणारं फारसी चॅनल, धुक्यात शोधणारे लोक, आणि टेबलावर भात. इराणी लोक भाताच्या तळाला मुद्दाम खरवड धरवतात, तहदीग म्हणतात, सोनेरी, कुरकुरीत, आणि ती पाहुण्याला पहिली. आमच्याकडे सांगलीला खरवड म्हणजे आई स्वतः खाणार, पातेलं खरवडून, ओट्याशी उभ्यानेच. खानूमनी माझ्या ताटात एवढा मोठा तुकडा घातला, मी नको नको, त्या घे घे, हे तीन वेळा झाल्याशिवाय तिथे घास तोंडात जात नाही. तो कुरकुर आवाज करत मी खातेय आणि टीव्हीवर एक राष्ट्राध्यक्ष सापडत नाहीये. विचित्र दुपार होती.

वादाला सुरुवात मित्राने केली. म्हणाला, धुकं, डोंगर, हेलिकॉप्टर, अगदी फिल्म-ए हेंदी! मग माझ्याकडे बघून कान लाल. फारसीत 'हिंदी पिक्चर' म्हणजे न पटणारी, रडारडीची, काहीच्या काही गोष्ट. मी म्हणलं चालू दे, आमच्याकडे पण इराणी म्हणलं की बन मस्का, नाहीतर पेपरातली चेन ओढणारी 'इराणी टोळी'. बन मस्का म्हणजे काय ते त्यांना समजावताना दहा मिनिटं गेली. याझ्द आणि करमानहून आलेल्या लोकांनी मुंबई-पुण्यात हॉटेलं काढली आणि तिथे पावाला लोणी लावून चहात बुडवतात यावर कुणाचा विश्वास बसेना. टोळीचं मात्र कुणी काही विचारलं नाही. मीच उगाच बोलले असं वाटत राहिलं.

मग मित्र म्हणाला की हे मुल्ला मुळात इराणीच नाहीत, अरबांचे गुलाम आहेत, आम्ही प्राचीन सम्राट कुरुशची (सायरसची) लेकरं, आमच्या रक्तात हे क्रौर्य नाही. हे वाक्य मी टोरांटोत इतक्या वेळा ऐकलंय की आता फारसीतही ओळखते. मुलगी भडकली. रईसी मशहदचा, म्हणाली, आई इराणी, बाप इराणी, शाळा इराणी, शंभर टक्के आपला माल आहे, दुसऱ्याच्या दारात कशाला टाकतोस? जावई हसत म्हणाला, अरबांचं झालं की मग आम्हा तुर्कांचे जोक सुरू होतील, मी वाटच बघतोय. आणि मोहांदेस, जे तोपर्यंत दातात खडीसाखरेचा तुकडा धरून चहा पीत होते, ते एवढंच बोलले की खोर्रमशहरात माझ्या भिंतीला भिंत लागून अरबच राहायचे, सद्दामचे तोफगोळे पडले ते माझ्या आणि त्यांच्या घरावर एकाच दिवशी पडले. मित्र गप्प बसला. पदक शर्टाच्या आत गेलं, बहुतेक आपोआप.

संध्याकाळी विषय आला की रईसी मेला तर आनंद करायचा का. जावई म्हणे नाचायचं, दुसरं काय! मुलीचं म्हणणं उलटं. याला एवढं सोपं मरण? १९८८ला तेहरानच्या तुरुंगांमधल्या राजकीय कैद्यांना मारायचं का ठेवायचं हे ठरवणाऱ्या चौघांत हा बसला होता, वय २७, उपसरकारी वकील. ॲम्नेस्टीच्या हिशेबाने देशभरात ५,००० च्या आसपास माणसं गेली, काही आठवड्यांत. आयतुल्ला मोंतझेरींनी, जे तेव्हा खोमेनींचे ठरलेले वारस होते, त्यांनी या चौघांना तोंडावर सांगितलं होतं की हा इस्लामी प्रजासत्ताकातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे, त्याची टेप २०१६ला बाहेर आली. आणि २०२१ला निवडून आल्यावर पत्रकारांनी विचारलं तर हा काय म्हणाला? की लोकांची सुरक्षा राखणाऱ्या सरकारी वकिलाचं कौतुक व्हायला पाहिजे. आता हा ६३व्या वर्षी जाणार, एक दिवस न्यायाधीशासमोर उभा न राहता. आणि हा हुकूमशहा पण नव्हता, म्हणाली, हुकमाचा ताबेदार होता, हुकूमशहा वर बसलाय तो वेगळाच, खामेनेई.

बोलता बोलता ती एक शब्द सारखा वापरत होती. दादखाही. मी विचारलं काय म्हणालीस, दाद? तर म्हणे ज्यांची माणसं मारली त्या घरच्यांच्या चळवळीला दादखाही म्हणतात, दाद म्हणजे न्याय, दादगाह म्हणजे कोर्ट. अगं, मी म्हणलं, आम्ही कोर्टात 'दाद मागतो'! आणि कुणी ऐकूनच घेत नसेल तर 'दाद ना फिर्याद'! मोहांदेसनी टाळीच वाजवली, दाद-ओ-फर्याद! त्यांच्यात त्याचा अर्थ नुसता आरडाओरडा, फर्याद म्हणजे किंकाळी. आपण ती किंकाळी उचलली आणि पोलीस स्टेशनात नेऊन कागदावर लिहून घेतली. त्यांच्यात गुन्हा म्हणजे पाप, खून म्हणजे फक्त रक्त. एवढे शब्द एकेकाळी त्यांच्याकडून आपल्या दप्तरात आले (दप्तर पण त्यांचंच) आणि सगळे कोर्टकचेरीचे. गाण्याला दाद देतो ती पण हीच, पण काल ते कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

तेव्हा खानूम पहिल्यांदा बोलल्या. तुमच्याकडे मागितली की मिळते का दाद? मी हसून आमच्या बांधाची केस सांगितली, आजोबांनी लावली, आता बाबा जातात, दर खेपेला नुसती तारीख. मुलीला 'तारीख' चं भाषांतर करावंच लागलं नाही, फारसीत पण तारीखच. खानूम म्हणाल्या, तुम्हाला तारीख तरी मिळते.

त्यांचा मोठा भाऊ गोहरदश्तला होता, कराजजवळचा तुरुंग. दहा वर्षांची शिक्षा, पाच भोगून झालेली. ८८च्या उन्हाळ्यात भेटी एकदम बंद झाल्या. थंडी सुरू व्हायच्या सुमारास त्यांच्या आईला बोलावून एक पिशवी हातात दिली, कपडे, चष्मा. पुरलं कुठे ते सांगितलं नाही. ही गोष्ट मला माहीत होती, पण मुलीकडून. त्यांच्या तोंडून काल पण नाही ऐकली, त्या फक्त तारखेबद्दल बोलल्या आणि चहाचे पेले उचलायला लागल्या.

मला २०२२चा ऑक्टोबर आठवला. हिजाबवरून पोलिसांनी धरलेली महसा अमिनी गेल्यावर रिचमंड हिलला मोर्चा होता, पोलिसांनीच आकडा ५०,००० सांगितलेला, मी यांच्याबरोबर गेले होते. 'झन, झेंदगी, आझादी' (बाई, जगणं, स्वातंत्र्य) ला खानूमचा आवाज सगळ्यात मोठा. आणि 'मर्ग बर दिक्तातोर', हुकूमशहा मुर्दाबाद, आलं की तोंड बंद, ओठ घट्ट. मला वाटलं दमल्या असतील. पण दर खेपेला तेच, आझादीला आवाज, मर्गला गप्प.

मोहांदेसचं वेगळंच. त्यांना सद्दामची फाशी आठवत होती, ३० डिसेंबर २००६. तेव्हा ते इथेच होते, टीव्हीसमोर रात्रभर जागे. त्यांचं शहर इराक्यांनी ऑक्टोबर १९८०ला घेतलं, परत मिळालं २४ मे १९८२ला, मधल्या काळात लोक त्याला खूनीनशहर म्हणायला लागले होते, आणि त्यांचा धाकटा भाऊ त्यातच गेला. फाशीची बातमी आली तेव्हा फोनवर फोन, मोबारक मोबारक. आणि हे टीव्हीवर ऐकतायत की फाशी कशासाठी, तर इराकमधल्याच दुजैल गावातली मारलेली १४८ माणसं. कुर्दांच्या कत्तलीची, अनफालची, केस चालू होती ती त्याच्यापुरती तिथेच बंद. आठ वर्षांचं युद्ध, इराणातल्या सरदश्त गावावर टाकलेले गॅसचे बॉम्ब, यातलं काहीच त्याच्या कोर्टात आलं नाही. फक्त सद्दामला रसायनं विकणारा एक डच व्यापारी हेगच्या कोर्टात सापडला, त्याला १५ वर्षं दिली आणि अपिलात १७ केली. व्यापाऱ्याला शिक्षा झाली, म्हणाले, गिऱ्हाईकाला आमच्या नावाने साधा समन्स नाही. त्या रात्री मी पण नाचलो होतो, आणि सकाळी चप्पल घालून खाली पेपर आणायला गेलो तर लिफ्टमध्ये रडायलाच लागलो, का ते कळेना.

जावई यावर काही बोलला नाही, पण पटलं असंही दिसलं नाही. मध्यरात्रीनंतर बातमी पक्की झाली, आठही जण गेले, परराष्ट्रमंत्री पण. तो उठून बाल्कनीत गेला आणि खालच्या कुणाला तरी ओरडून मोबारक म्हणाला. त्याचं चुकलं असं मला नाही वाटत, तो पस्तिशीचा आहे, त्याची एक वर्गमैत्रीण २०२०ला इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडलेल्या त्या प्रवासी विमानात होती, १७६ जणांत. आनंद कधी करायचा याचा क्लास त्याला मी कोण घेणार.

निघताना खानूमनी उरलेली तहदीग डब्यात घालून दिली. आणि दारात हळूच म्हणाल्या, स्टॉकहोमचा अजून आत आहे.

१६ जून २०२४, रविवार

स्टॉकहोमचा बाहेर आला.

हमीद नूरी. गोहरदश्तचा माणूस, तिथे उपसरकारी वकिलाचा मदतनीस. २०१९च्या नोव्हेंबरात स्वीडनला उतरला आणि विमानतळावरच धरला. गुन्हा इराणात, खटला स्टॉकहोमला, कारण काही गुन्हे असे असतात की ते कुठेही चालवता येतात. तुरुंगातून वाचलेले लोक जगभरातून येऊन साक्षी देऊन गेले. जुलै २०२२ला जन्मठेप, गेल्या डिसेंबरात अपिलातही तीच. खानूमनी त्या खटल्याची एक बातमी सोडली नव्हती. त्यांच्या भावाच्या तुरुंगाचं नाव एका खऱ्या कोर्टात, न्यायाधीशासमोर, तारखेवर तारीख घेतलं गेलं, ते एकदाच.

काल ओमानच्या मध्यस्थीने अदलाबदल झाली. इराणने दोन स्वीडिश नागरिक सोडले, स्वीडनने हा. त्या दोघांच्या घरी काल काय झालं असेल, ते पण खरंच आहे.

आज फादर्स डे म्हणून मुलगी-जावई यायचे होते, खानूमनी घोर्मे सब्झी करायला घेतलेली. मी गेले तर टेबलावर पेपर पसरून भाज्या निवडत बसलेल्या. पार्सली, कोथिंबीर आणि मेथी, त्यांच्यात शंबलीले म्हणतात. काय बोलावं सुचेना म्हणून समोर बसले आणि मेथी पुढ्यात ओढली. मी आपली नुसती पानं खुडायला लागले तर त्यांनी माझा हात थांबवला आणि दाखवलं, कोवळी देठं टाकायची नाहीत, ती पण घ्यायची. मोहांदेस आत फोनवर कुणाशी तरी मोठ्याने भांडत होते, त्यात दोनदा दाद ऐकू आलं. न्याय म्हणत होते का नुसता आरडाओरडा, ते मला फारसीत अजून वेगळं करता येत नाही.

दुसरी जुडी संपली. त्यांनी तिसरीचा रबर काढला आणि अर्धी माझ्याकडे सरकवली.