तुले कोनं सांगतलं?

रात्रीचे साडेदहा. लाईन आत्ताच आली. आज कापसाचा पहिला वेचा होता, कंबर बोलून रायली, पण हे लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही.

सकाळी मायनं धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, सीतादही मांडली, पहिल्या वेच्याची पूजा. कापसाच्या पऱ्हाटीखाली दगड, हळदकुंकू, दहीभात, दरवर्षीचंच. आणि मी, महिनाभर तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींचं 'फ्रीडम फ्रॉम द नोन' वाचून डोकं गरम झालेला माणूस, बायांसमोर बोलून गेलो, "कायले करतं वं माय हे? कोनी सांगतलं म्हनून जलमभर करतच रायचं का?" मायनं द्रोणातला भात खाली ठेवला अन् विचारलं, "हे तुले कोनं सांगतलं?" मी म्हटलं पुस्तकात हाय. "मंग मले माह्या मायनं सांगतलं अन् तुले पुस्तकानं. फरक काय झाला सांग?"

बाया अशा हसल्या का विचारू नका. मी गपचूप फडकं बांधलं आन् कापसाच्या तासाला, म्हणजे ओळीला, लागलो.

दिवसभर बोंडं वेचता वेचता तेच डोक्यात. कारण पुस्तकात पहिल्याच प्रकरणात हेच तर आहे, का आपण सगळे सेकंडहँड माणसं आहोत, दुसऱ्यानं सांगितलेल्यावर जगतो. आणि मी ते वाक्यही सेकंडहँडच घेतलं, मोटारसायकलसारखं, आणि गावभर मिरवत होतो. तो माणूस तर म्हणतो माझंही ऐकू नका, स्वतः बघा. १९२९ साली हॉलंडमध्ये ओमेनला तीनेक हजार लोकांसमोर त्यानं स्वतःची संघटनाच मोडून टाकली, ज्या संघटनेचा तो प्रमुख होता आणि जिथले लोक त्याला जगद्गुरू मानायला बसले होते! मिळालेली जमीन, वाडा परत केला. आमच्याकडं धुऱ्याच्या हातभर जागेपायी सख्खे भाऊ बोलत नाहीत, म्हणून ही परत करायची गोष्ट मला त्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त लागली, खरं सांगतो.

एक गोष्ट मात्र मला अडली होती. तो म्हणतो कालचा अनुभवही आज आपल्यावर हुकूम चालवतो, त्यातूनही मोकळं व्हा. आता मी कालचा अनुभव सोडला तर बोंडअळी काय माझी वाट पाहणार का? पण नीट वाचलं तर कामापुरतं ज्ञान त्यानं नाकारलेलंच नाही, फवारणी कधी करायची ते लक्षात ठेवाच. तो बोलतो ते मनातल्या साठ्याबद्दल. म्हणजे शेजाऱ्यानं ४ वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून शिवी दिली होती, आणि आजही तो समोर आला का मला माणूस दिसतच नाही, शिवीच दिसते. हे मी आज दुपारी खरंच पाहिलं, तो धुऱ्यावरून बैल घेऊन चालला होता. म्हातारा झालाय. एका पायानं लंगडतो. हे मला कधी दिसलंच नव्हतं, आणि मी तर रोज त्याच धुऱ्यावर असतो. तरी मी काही बोललो नाही त्याच्याशी, खोटं कायले लिहू.

झाडाकडं नाव न घेता बघा म्हणतो, तेही केलं. चिंचेकडं बघत बसलो तं दोन मिनिटांत मनात आलं, लाकूड किती निघंल. जाऊ द्या.

घरी आलो तर फळीवर पुस्तक ग्रामगीतेच्या बाजूलाच, आणि कव्हरवर कुंकवाचं बोट. दिवाळीत मायनं लक्ष्मीपूजनाला सगळ्या पुस्तकांना लावलं त्यात यालाही लागलं असंल. पुसायला अंगठा ओला केला होता, मग तसंच ठेवलं. उद्या सात वाजता बाया येतील, वजनकाटा अजून शेजाऱ्याकडंच आहे, सकाळी मागायला जावं लागंल.