व्हेअरची वॉर्निंग जाता जाईना: माझा अनुभव

रीडिंग शून्यापेक्षा मोठं असेल तर त्याचा लॉग (लॉगॅरिदम) घ्यायचा, नाहीतर तिथे शून्य ठेवायचं. एवढंच काम होतं. पण रीडिंग लाखांनी होती आणि फॉर-लूपमध्ये इफ लावून चालवलं की प्रोग्रॅम रेंगाळायचा. म्हणून नमपायकडे, म्हणजे पायथन भाषेतल्या आकडेमोडीच्या लायब्ररीकडे वळले. अख्ख्या अ‍ॅरेवर, म्हणजे आकड्यांच्या पूर्ण रांगेवर, थेट इफ लावलं तर व्हॅल्यू-एरर येते, कारण हजारो खरं-खोटंमधून पायथनने कुठलं एक धरायचं? ते लगेच कळलं. व्हेअर फंक्शन सापडलं: कंडिशन, खरी असेल तर हे, नसेल तर ते. एका ओळीत काम झालं.

उत्तरं बरोबर आली, पण सोबत दोन वॉर्निंग. एक शून्याने भागल्याची, दुसरी अवैध किमतीची, आणि दोन्ही लॉगमध्ये. इथे माझे दोन दिवस गेले. शून्य आणि ऋण रीडिंग मी कंडिशन लावून बाजूला काढली होती, मग लॉगपर्यंत ती पोचलीच कशी? कंडिशन उलटी करून पाहिली, डेटा दोनदा तपासला. एकाने सल्ला दिला की वॉर्निंग बंद करून टाक, उत्तर बरोबर आहे ना! मला ते पटेना. का येते ते कळल्याशिवाय मी वॉर्निंग दाबत नाही.

शेवटी पाच आकड्यांची अ‍ॅरे घेतली: 4, 0, -1, 2.5, 0. व्हेअर काढून नुसता लॉग छापला. 1.386, ऋण अनंत, नॅन (म्हणजे 'आकडाच नाही'), 0.916, ऋण अनंत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. व्हेअर हे फंक्शन आहे, आणि पायथन फंक्शनला हाक मारण्याआधी त्याची सगळी आर्ग्युमेंट्स, म्हणजे त्याला द्यायच्या किमती, काढून ठेवतो. म्हणजे लॉग आधीच पूर्ण अ‍ॅरेवर चालून गेलेला असतो, व्हेअर फक्त तयार उत्तरांतून निवड करतं. इफमध्ये नको असलेली बाजू चालतच नाही, इथे दोन्ही चालतात. ही गोष्ट शिकवणाऱ्यांनी पहिल्याच उदाहरणात सांगायला हवी, याचा राग मला अजून आहे.

उपाय लॉगच्याच आत आहे. त्यालाच व्हेअर नावाचं आर्ग्युमेंट देता येतं, मग तो फक्त कंडिशन खरी असलेल्या जागीच चालतो. पण त्यासोबत आउट, म्हणजे उत्तरं ठेवायची अ‍ॅरे, हवंच. ते दिलं नाही तर वगळलेल्या जागी मेमरीतला काहीही कचरा दिसतो, आणि कधीकधी तो खऱ्या आकड्यासारखाच असतो. आउटची अ‍ॅरे फ्लोटचीच (दशांश आकड्यांची) करा. माझी रीडिंग पूर्णांकात होती, त्यांच्यावरून झीरोज-लाइकने (तशीच, पण शून्यांनी भरलेली) अ‍ॅरे बनवली तर तीही पूर्णांकांची झाली आणि कास्टिंगची, म्हणजे आकड्याचा प्रकार बदलण्याची, एरर आली.

हो, दोन कंडिशन जोडायच्या असतील तर अँड चालत नाही, & लागतं, आणि प्रत्येक कंडिशन कंसात. & चा अग्रक्रम > च्या वर आहे, त्यामुळे कंस विसरलात तर भलतंच काहीतरी जोडलं जातं.

आणि ते शून्य. 1 चा लॉगही शून्यच येतो, त्यामुळे खरं 1 रीडिंग कुठलं आणि वगळलेलं कुठलं, हे नंतर मलाच ओळखता येईना. आता आउट मी नॅननेच भरते.