पटांगणावर सापडलेलं वर्गमूळ

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा बाकीचे काय लिहिणार याचा साधारण अंदाज होता. स्नेहसंमेलन, गडकरीतलं नाटक, शाळा सुटल्यावर तलावपाळीवरची भेळ. ते सगळं खरंच आहे, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे माझ्याच वर्गात होते. मी आपला एका गणिताविषयी लिहितो.

दहावीच्या वर्गसमीकरणांत विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी ब² − ४अक ही संख्या) ऋण आला की 'मुळे वास्तव नाहीत' असं लिहायचं, रेघ मारायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. आमच्यातल्या एकाने (मी नव्हे, मी तेवढा धीट नव्हतो) विचारलं, "बाई, वास्तव नाहीत, तर मग आहेत कुठे?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "शनिवारी सुटल्यावर थांबा, ज्यांना थांबायचंय ते," म्हणाल्या.

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि आम्ही मोजकेच मागे राहिलो. बाईंनी फळ्यावर आधी भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तली ओळ लिहिली: न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही. धनाचा वर्ग धन, ऋणाचाही धन, मग ऋण येणार कुठून? "यात चूक काही नाही," बाई म्हणाल्या. "क्ष² + १ = ० ला उत्तर नाही म्हटलं तर कुणाचंही अडत नाही. म्हणून आपण तिथून सुरुवातच करायची नाही."

बाईंचं मोठेपण मला इथे दिसतं. नंतर जी पुस्तकं हाताळली, त्यांतली बहुतेक 'ऋण एकचं वर्गमूळ आहे असे मानू' या वाक्याने सुरू होतात. का मानू, याचं उत्तर कुठेच नसतं. बाईंनी काही मानायला लावलं नाही. त्यांनी आम्हाला अशा जागी नेऊन उभं केलं की पुढे जायला दुसरा रस्ताच नव्हता.

त्यांनी लिहिलं: क्ष³ = १५क्ष + ४. उत्तर ४ हे आम्ही तोंडी सांगितलं. ६४ बरोबर ६० अधिक ४, संपलं. मग त्यांनी इटलीतल्या कार्दानोने १५४५ साली छापलेलं घनसमीकरणाचं सूत्र दिलं आणि म्हणाल्या, आता यात घाला. घातलं, तर (२ + √−१२१) चं घनमूळ अधिक (२ − √−१२१) चं घनमूळ असं काहीतरी निघालं. समोर ४ दिसतोय आणि सूत्र म्हणतंय, मधे ऋणाचं वर्गमूळ आहे, ते ओलांड.

ते ओलांडलं इटलीतल्याच बोंबेल्ली नावाच्या गणितीने, १५७२ साली. √−१ चा वर्ग −१ एवढं धरून त्याने नेहमीसारखा हिशेब केला. आम्हीही केला. (२ + √−१) चा घन: ८ + १२√−१ − ६ − √−१, म्हणजे २ + ११√−१. आणि √−१२१ म्हणजे ११√−१ च! एक घनमूळ २ + √−१, दुसरं २ − √−१. बेरजेत नको ते एकमेकांत उडालं आणि ४ उरला. त्या क्षणी आमच्यातलं कुणीही 'पण असली संख्या नसतेच' असं म्हणालं नाही.

"पण बाई, ती आहे कुठे?" तो मुलगा काही सोडेना. बाईंनी आम्हाला पटांगणावर नेलं आणि कवायतीला उभं करतात तसं त्याला उभं केलं. पीछे मूड म्हणजे −१ ने गुणणं, तोंड उलट्या दिशेला. दोनदा केलं की पुन्हा मूळच्या दिशेला. "आता असा हुकूम सांग, जो दोनदा दिला की पीछे मूड होईल." तो क्षणभर थांबला आणि स्वतःच बाये मूड करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. संख्यारेषेवर जी जागा शोधत होतो, ती रेषेवर नव्हतीच, बाजूला होती. (कास्पर वेसेल नावाच्या जमीन मोजणाऱ्याने हे १७९७ साली डॅनिश अकादमीपुढे मांडलं होतं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं त्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.)

मी इलेक्ट्रिकलला गेलो. आता ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांतले पॅनेल बघतो. एखाद्या कॉइलचा रेझिस्टन्स ३ ओहम आणि रिॲक्टन्स (एसीला, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटला, कॉइल करते तो वेगळा अडथळा) ४ ओहम असेल, तर नवखा पोरगा ७ ओहम धरतो आणि २३० व्होल्टला ३३ अँपिअरची वाट बघतो. टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) ४६ दाखवतो. कारण ते ४ ओहम बाये मूड करून बसलेले असतात. काटकोनात ३ आणि ४, कर्ण ५. आम्ही ते ३ + जे४ असं लिहितो; हा जे म्हणजेच √−१. गणितात त्याला 'आय' म्हणतात, पण आमच्याकडे ते अक्षर करंटने आधीच अडवलेलं. १८९३ साली स्टाइनमेट्झ नावाच्या इंजिनिअरने शिकागोच्या वीजतज्ज्ञांच्या परिषदेत ही रीत मांडली, तेव्हापासून एसीची आकडेमोड आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा वाटा) घसरला की बिल वाढतं, ते याच बाजूला वळलेल्या भागामुळे. त्यासाठी कपॅसिटर बसवायचे, म्हणजे उलटा, दाहिने मूड.

बाईंनी जाताना दिलेला गृहपाठ इथे देतो. यंदाच्या दहावीला जमेल. क्ष³ − १५क्ष − ४ ला (क्ष − ४) ने भागा. क्ष² + ४क्ष + १ उरेल, विवेचक १२, चक्क धन. म्हणजे उरलेली दोन्ही मुळे, −२ + √३ आणि −२ − √३, वास्तवच आहेत. तिन्ही उत्तरं वास्तव, तरी सूत्र ऋणाच्या वर्गमुळातूनच जातं. प्रत्येक घनमुळाला तीन किमती असतात. कुठली कुणाशी जोडली की ही दोन निघतात, ते शोधा.